आधी सगळं ढिलं, मग आवळणं: जुन्या गाडीला सायलेन्सर बसवताना

पहिला सायलेन्सर मी बसवला तेव्हा काम दीड तासात उरकलं आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्याच गतिरोधकावरून गेली आणि खालून कोणीतरी घण घातल्यासारखा दणका ऐकू आला. वाकून पाहिलं तर सगळे नट घट्ट, सगळे क्लॅम्प जागेवर, एकही जोड गळत नव्हता. फक्त पूर्ण लाइन, म्हणजे इंजिनापासून मागपर्यंत धूर नेणारे सगळे पाइप आणि डबे, एका बाजूला पिळली होती आणि मधला पाइप गाडीच्या पत्र्याला जवळजवळ चिकटला होता. मी मागून सुरुवात केली होती आणि प्रत्येक जोड बसवला की तिथल्या तिथे आवळून मोकळा झालो होतो. सगळं पुन्हा खोललं. जोडातली फट बुजवणारं पॅकिंग एकदा दाबलं गेलं की परत कामाला येत नाही, तेही तेव्हाच कळलं.

खालचं सगळं त्या दणक्यातून शिकलेलं आहे. चारचाकी जुनी आहे, पेट्रोल किंवा डिझेल, आणि तुम्ही पाना हातात धरायला नुकतेच लागला आहात, असं धरून लिहितो आहे.

लाइन ओळखून घ्या

इंजिनाच्या हेडला बोल्ट केलेला बिडाचा जाड भाग म्हणजे मॅनिफोल्ड. त्याच्याखाली उतरतो तो पुढचा पाइप. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत इथेच कुठेतरी तारेच्या जाळीत गुंडाळलेला लवचिक तुकडा असतो, किंवा स्प्रिंगवाल्या बोल्टांचा गोलसर जोड असतो. इंजिन रेस केल्यावर हलतं, त्या हलण्याला जागा मिळावी म्हणून ही सोय. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे आतल्या जाळीतून धूर स्वच्छ करणारा डबा, तोही गाडीच्या वयानुसार असेल किंवा नसेल. मग मधला पाइप, काही गाड्यांत रेझोनेटर, म्हणजे आवाज कमी करणारा छोटा डबा, शेवटी मोठा सायलेन्सर आणि शेपटीचा पाइप. हे सगळं गाडीला रबराच्या हँगरांवर टांगलेलं असतं. टांगलेलं हा शब्द लक्षात ठेवा. पुढचं टोक इंजिनाला पक्कं आणि बाकी सगळं लोंबतं, असा हा प्रकार आहे.

लाइन सडते ती बहुतेक आतून. १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी लांब पळाली तर ती वाफ बाहेर पडते. रोज पाच-दहा मिनिटांच्याच फेऱ्या झाल्या तर मागचा सायलेन्सर नीट तापतच नाही आणि ते पाणी त्याच्या पोटात साठतं. म्हणून बरेचदा पुढचा पाइप धडधाकट आणि मागचा डबा चाळण, असं दिसतं. काही सायलेन्सरांना बुडाशी बारीक भोक ठेवलेलं असतं, ते पाणी निथळायलाच. नवशिके ते गळतं आहे म्हणून पुट्टीने बुजवतात. तसं करू नका.

खराब काय झालंय ते आधी ठरवा

आवाज वाढला म्हणजे सायलेन्सरच गेला असं नाही. थंड इंजिन चालू केल्यावर पुढून टकटक असा बारीक आवाज येतो आणि पाच मिनिटांत नाहीसा होतो, तेव्हा संशय मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर किंवा मॅनिफोल्डला गेलेल्या तड्यावर घ्यावा. धातू तापून फुगला की फट बुजते, म्हणून आवाज थांबतो. खालून घुरघुर येत असेल तर मधला पाइप किंवा मागचा डबा. पत्रा थरथरल्यासारखा खणखण आवाज आला तर आधी हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारं पातळ पत्र्याचं कवच, हलवून पाहा. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्या आहेत.

गाडी पूर्ण थंड असताना कन्व्हर्टरवर मुठीने हलकेच ठोका. आत दगड खुळखुळल्यासारखं वाजलं तर आतली जाळी फुटली आहे. मग पाइपाच्या दोन-चार भोकांकडे पाहत बसण्यात अर्थ नाही, कारण ते तुकडे पुढे जाऊन वाट अडवणार. सायलेन्सरवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ आपटून पाहा. शाबूत पत्रा टणक वाजतो, सडलेला भदभद. टोक दाबल्यावर आत गेलं तर निकाल लागला. जोडाच्या आसपास काळी काजळी पसरलेली दिसली तर गळती तिथेच आहे.

भाग आणण्याआधी माप घ्या

जुन्या गाडीच्या बाबतीत मॉडेल आणि साल सांगून भागत नाही. एकाच सालात दोन इंजिनं असतात, मध्येच कंपनीने पाइपाचा व्यास बदललेला असतो, आणि आधीच्या मालकाने काय जोडून ठेवलंय ते देवालाच ठाऊक. इंजिन नंबर, चॅसी नंबर लिहून घ्या आणि गाडीखालचे फोटो काढून ठेवा.

पाइपाचा बाहेरचा व्यास मोजायला व्हर्नियर नसेल तर दोऱ्याने भागतं. पाइपाभोवती दोरा एकदा गुंडाळा, जिथे मिळतो तिथे खूण करा, लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. १४१ मिमी आली तर पाइप ४५ मिमीचा. गंजाचे पापुद्रे आधी खरवडून काढा, नाहीतर १-२ मिमी फुकट वाढतात आणि क्लॅम्प चुकीचा येतो. फ्लँजच्या, म्हणजे बोल्टने जोडायच्या पाइपाच्या टोकावरच्या चपट्या कडेच्या, दोन भोकांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजा. पुढचे भाग घ्यायचे असतील तर लॅम्बडा सेन्सरचा, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा, आटा आहे का, असेल तर कुठल्या बाजूला, हेही पाहा.

सोबत सगळी पॅकिंग नवी, क्लॅम्प नवे, हँगरचे रबर नवे आणि नट नवे घ्या. नट शक्यतो पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले. लोखंडी स्टडवर, म्हणजे भागात रोवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टवर, लोखंडी नट भाजून एकजीव होतो, तसा पितळी होत नाही. पुढच्या वेळी खोलणारा कदाचित तुम्हीच असाल.

नवा भाग आला की तो जुन्याशी ताडून पाहा, गाडी खोलण्याआधी. गाडीखाली सरपटत जा आणि हँगरचे दांडे, वळणं, फ्लँजचा कोन जुळतोय का ते बघा. जुना भाग कापून टाकल्यावर नवा चुकीचा आलाय हे कळलं तर गाडी तशीच हवेत राहते.

गाडी उचलताना

जमीन सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडी उचलली की ठरलेल्या जागी घोड्या, म्हणजे गाडीचं वजन पेलणारे लोखंडी स्टँड, लावा आणि वजन घोड्यांवर उतरवा. विटा, लाकडाचे ओंडके, चाकांच्या रिमा, यांतलं काहीही घोडीच्या जागी चालत नाही. वीट भारासकट अचानक फुटते, आधी तडकून सांगत नाही. घोड्या लावल्यावर गाडीला खांद्याने जोरात हलवा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू द्या.

गाडी आदल्या रात्रीपासून थंड असू द्या. कन्व्हर्टर आणि मॅनिफोल्ड तासभर तरी हात भाजण्याइतके गरम राहतात आणि दिसायला मात्र थंडच दिसतात. डोळ्यांना पूर्ण बंद गॉगल लावा. चष्मा पुरत नाही. तुम्ही उताणे पडलेले असता आणि गंजाचा चुरा सरळ डोळ्यात येतो. एकदा माझ्या डोळ्यात गेलेला कण डॉक्टरांना सुईने काढावा लागला, तेव्हापासून गॉगलशिवाय मी खाली वाकूनसुद्धा पाहत नाही. आणि गाडीखाली जाताना घरात कोणालातरी सांगून जा.

गंजलेले नट

खरं काम इथे आहे. बसवायला तास लागत असेल तर खोलायला चार लागतात, आणि ते चार कुठे जातात ते सांगतो.

लोखंड गंजलं की ते फुगतं. मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा गंज व्यापतो. आट्यांमधली केसभर फट त्याने ठासून भरते आणि नट पाचर मारल्यासारखा अडकतो. ताकद लावली की नट फिरत नाही, स्टड पिळतो. म्हणून पाना लावण्याआधी एक दिवस काम सुरू करा. नटाच्या बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासा. हे न करता नट फिरवला तर त्याला त्या गंजलेल्या आट्यांवरून जावं लागतं आणि अर्ध्या वाटेत तो पुन्हा जाम होतो. मग गंज सैल करणारं भेदक तेल मारा. संध्याकाळी एकदा, रात्री एकदा, सकाळी एकदा. मधूनमधून नटाच्या डोक्यावर हातोडीने टकटक करा. तेल आत जायला ते थरथरणं फार उपयोगी पडतं.

पाना सहा कोनी गोटीचाच घ्या, म्हणजे नटावर टोपीसारखा पूर्ण बसणारा. बारा कोनी गोटी आणि फिक्स पाना गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतात. एम-८ च्या, म्हणजे ८ मिमी जाडीच्या, स्टडवर बहुधा १३ किंवा १२ चा नट असतो, एम-१० वर १७ किंवा १४ चा. पण वर्षानुवर्षं गंजून नट बारीक झालेला असतो आणि १३ ची गोटी त्यावर खुळखुळते. अशा वेळी अर्ध्या इंचाची गोटी, म्हणजे १२.७ मिमीची, हातोडीने ठोकून बसवायची. ती गच्च बसते आणि कोपरे वाचतात.

आता पहिला झटका उलटा द्या, म्हणजे आवळायच्या दिशेने, अगदी थोडा. गंजाची पकड तुटली की खट् असा कोरडा आवाज येतो. तो आला की सोडवायला लागा. अर्धा फेरा सोडा, पाव फेरा परत आवळा, तेलाचे दोन थेंब टाका, पुन्हा अर्धा फेरा. करकर आवाज येतोय तोवर काळजी नाही, नट कुरकुरत का होईना, येतो आहे. पण पाना फिरतोय, आवाज नाही आणि हाताला रबर पिळल्यासारखं मऊ लागतंय, तर थांबा. स्टड तुटण्याच्या बेतात आहे. मागे फिरवा, तेल टाका, चहा घेऊन या.

तेलाने भागलं नाही तर उष्णता. नट लाल होईपर्यंत तापवला की तो स्टडपेक्षा जास्त फुगतो आणि गंजाची पकड सुटते. पण गॅसची ज्योत वापरायची तर आसपास पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, वायरी, टाकी, रबर काहीही नको, आणि आधी मारलेलं भेदक तेल पुसून काढलेलं हवं, कारण ते पेट घेतं. ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागाला तर ज्योत लावूच नका. क्लोरीनवाल्या क्लीनरची वाफ तापली की अत्यंत विषारी वायू तयार होतो. नवशिक्याने मागच्या टाकीजवळच्या जोडाला ज्योत लावू नये, हे माझं स्पष्ट मत. तिथे करवत चालवा.

करवतीची लाज बाळगू नका. जो भाग फेकायचाच आहे त्याचा बोल्ट वाचवण्यात दुपार घालवणारे मी पाहिलेत, त्यांच्यात मीही होतो. क्लॅम्पचा नट, दोन फ्लँज जोडणारा आरपार बोल्ट, हे सरळ कापा. जपायचे असतात ते मॅनिफोल्डमध्ये किंवा कन्व्हर्टरमध्ये रोवलेले स्टड. तिथे नट गोल झाला तर छन्नीने नट उभा चिरा, स्टड वाचतो.

आणि स्टड तुटलाच तर? बाहेर १ सेंटिमीटर तरी उरला असेल तर त्यावर दोन नट एकमेकांविरुद्ध आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून सोडवा. पृष्ठभागाच्या लगत तुटला असेल तर वेल्डरकडून त्यावर नट वेल्ड करून घ्या. वेल्डच्या उष्णतेनेच तो निम्मा सुटतो. ड्रिल मारून काढणं शेवटचा उपाय. ड्रिल तिरकं गेलं तर मॅनिफोल्डचे आटे जातात आणि एका स्टडचं काम मॅनिफोल्ड उतरवण्यापर्यंत पोचतं.

जुनी लाइन उतरवणं

लॅम्बडा सेन्सर असेल तर त्याची वायर आधी सोडवा. बहुतेकांना २२ चा पाना लागतो. पाइप उतरवताना तो वायरीवर लोंबकळू देऊ नका. तसंच लवचिक तुकडा पुढे राहणार असेल तर त्याला दोरीने बांधून आधार द्या, कारण तो थोडासा हलण्यासाठी आहे, काटकोनात वाकण्यासाठी नाही. आतली घडी एकदा फाटली की बाहेरून काही दिसत नाही आणि महिन्याभरात तो फुटतो.

एका पाइपात दुसरा पाइप घुसलेला जोड सुटत नसेल तर ओढाताण करत बसू नका. बाहेरचा पाइप टाकून द्यायचा असेल तर त्यालाच लांबीच्या दिशेने करवतीने चीर द्या, जोडाच्या पूर्ण लांबीभर, आतला पाइप कापला जाणार नाही इतपत खोल. मग चिरेत छन्नी घालून पत्रा केळ्याच्या सालीसारखा उलगडा. आतला पाइप गोलच राहतो. जुने यू-क्लॅम्प दोन्ही पाइप एकदम चेपतात, म्हणून असे जोड नुसते पिळून कधीच सुटत नाहीत.

रबरं काढताना हँगरच्या दांड्याला साबणाचं पाणी लावा. तेल, ग्रीस नको, रबर फुगून सैल पडतं. शेवटचं रबर काढण्याआधी सायलेन्सरखाली जॅक किंवा खोका ठेवा. पाण्याने भरलेला जुना डबा अंदाजापेक्षा जड असतो, आणि तो छातीवर घेण्यासाठी आपण खाली झोपलेलो नाही.

साफसफाई

फ्लँजला चिकटलेलं जुनं पॅकिंग पूर्ण निघालं पाहिजे. पण थांबा. जुन्या गाड्यांची पॅकिंग आणि उष्णतारोधक पट्ट्या यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यामुळे कोरड्या अवस्थेत तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर चालवू नका, हवेच्या नळीने फुंकू नका. पाण्याने भिजवा, बारीक कणांचा मास्क लावा, बोथट पात्याने खरवडा आणि कचरा ओल्या कापडासकट पिशवीत बांधा.

साफ झालेल्या फ्लँजवर पोलादी पट्टी उभी धरून मागून टॉर्च मारा. पट्टीखालून उजेड दिसला तर फ्लँज वाकलेली आहे. किंचित असेल तर कानशीने सपाट होते. दोन्ही कान पुढे झुकले असतील तर आधी कोणीतरी बोल्ट अति आवळलेत. तो कोणीतरी कधीकधी आपणच असतो.

बसवणं: काहीही आवळू नका

स्टडच्या आट्यांना उच्च तापमानाची अँटी-सीझ पेस्ट, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी, थोडी लावा. सेन्सर परत बसवायचा असेल तर पेस्ट फक्त आट्यांना, टोकाला अजिबात नाही, आणि तीही सेन्सरला चालणारी. साधं सिलिकॉन इथे कुठेच वापरू नका. ते टिकत नाही, आणि त्याची वाफ सेन्सर खराब करते.

आता पुढून मागे जा. पुढचा पाइप, पॅकिंग, नट, आणि नट फक्त बोटांनी. मग मधला पाइप त्याला जोडा, क्लॅम्प सैल. मग सायलेन्सर. प्रत्येक भाग जागेवर आला की आधी त्याची रबरं चढवा, वजन रबरांवर येऊ द्या. पाइपात पाइप जाणारा जोड ४ ते ५ सेंटिमीटर आत जायला हवा. त्याहून कमी असेल तर निसटतो. किती आत गेला ते कळावं म्हणून आतल्या पाइपावर आधीच खडूने रेघ मारून ठेवा, खाली झोपून अंदाज येत नाही. बाहेरच्या पाइपाच्या टोकाला चिरा असतील तर क्लॅम्प त्या चिरांवर यायला हवा. क्लॅम्पचे नट खाली लोंबू देऊ नका, आडवे ठेवा. खाली असले तर दगड लागतात, आणि पुढच्या वेळी पाना लावताना चिखल खरवडावा लागतो.

जोडात लावायची पुट्टी बाहेरच्या बाजूने पातळ आणि फक्त मागच्या जोडांना. कन्व्हर्टरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, पुट्टी नको. वाळून सुटलेला तुकडा थेट जाळीत जाऊन बसतो.

सगळं लोंबतं आहे, काहीही आवळलेलं नाही, अशा अवस्थेत लाइनला हाताने धक्का द्या. ती झोपाळ्यासारखी हलली पाहिजे. मग एकेक भाग फिरवून जागा शोधा: पत्र्यापासून, पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्यांपासून, प्रोपेलर शाफ्टपासून (मागची चाकं फिरवणारा लांब दांडा), स्पेअर चाकाच्या खोलगट भागापासून सगळीकडे दोन-अडीच सेंटिमीटर मोकळीक. माझं बोट आडवं जातंय का, ते मी बघतो. रबरं सरळ खाली लोंबायला हवीत. एखादं रबर तिरकं ताणलेलं दिसलं तर कुठेतरी पाइप पिळला आहे. त्याचं मूळ रबरापाशी शोधू नका, त्याच्या पुढच्या जोडात शोधा.

तापल्यावर लाइन लांबतेही, हे लोक विसरतात. पोलाद दर मीटरला, दर अंश सेल्सियसमागे सुमारे ०.०१२ मिमी वाढतं. २ मीटरची लाइन ३०० अंशांनी तापली तर ती ७ मिमी मागे सरकते. थंड असताना शेपटीचा पाइप बंपरला जेमतेम न लागेल असा बसवला, तर गरम झाल्यावर तो बंपर वितळवतो.

आता आवळा, पुढून मागे

पहिला जोड मॅनिफोल्डकडचा. दोन किंवा तीन नट असतील तर आलटून पालटून, दोन-तीन टप्प्यांत. मॅनिफोल्डच उतरवला असेल तर मधल्या नटापासून बाहेर जा. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, असेल तर एम-८ ला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर आणि एम-१० ला ४० ते ५०, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क पाना नसेल तर छोट्या दांड्याच्या पान्याने आवळा. लांब पाइप लावून लटकू नका, नटापेक्षा स्टड आधी हार मानतो.

स्प्रिंगवाले बोल्ट मात्र वेगळे. बोल्टला खांदा असतो, तो टेकला की काम संपलं. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटेपर्यंत पिळले तर जोडाची हलायची सोयच गेली, आणि इंजिनाचा प्रत्येक झटका पुढच्या पाइपाला तडा देत राहतो.

एक जोड आवळला की मागे सरकून पुन्हा लाइनकडे पाहा. आवळताना पाइप फिरतो, विशेषतः यू-क्लॅम्पने. एका हाताने पाइप धरून ठेवा. शक्य असेल तिथे रुंद पट्टीचा क्लॅम्प घ्या, तो पाइप चेपत नाही आणि उद्या खोलताही येतो.

चाकांवर उतरवून पाहा

घोड्यांवर असताना मागची चाकं लोंबत असतात, म्हणून अॅक्सल खाली गेलेला असतो. गाडी चाकांवर आली की तो वर येतो, आणि अॅक्सलवरून वळून जाणाऱ्या पाइपाची सगळी मोकळीक बदलते. माझी पहिली फजिती अर्धी याचीही होती. गाडी जमिनीवर उतरवा, मागे दोन माणसं बसवा आणि बाहेरून टॉर्च मारून पाइप व अॅक्सलमधली फट बघा. गाडीखाली शिरू नका, बाजूनेच वाका.

गळती तपासणं

हे उघड्यावर करा. अर्ध्या उघड्या शटरच्या गॅरेजमध्येही नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड व्हायला लागलं हे कळेपर्यंत उठायची ताकद गेलेली असते.

इंजिन थंड असतानाच सुरू करा. जाड हातमोजा घालून ओलं फडकं शेपटीच्या पाइपावर काही सेकंद दाबा. लाइन बंदिस्त असेल तर दाब हाताला ढकलायला लागतो आणि इंजिन गुदमरतं. कुठे फट असेल तर तिथून फुस्स आवाज येतो. दुसरा माणूस असेल तर त्याने बाजूने जोडांवर साबणाचं पाणी फवारावं, बुडबुडे जागा दाखवतात. इंजिन तापल्यावर हे करू नका, पाणी उकळून उडतं.

पहिली दहा मिनिटं खालून धूर निघेल. भेदक तेल, पेस्ट, हातांचे ठसे, नव्या पाइपावरचं संरक्षक तेल, हे सगळं जळतं. तो धूर आपोआप कमी होत गेला पाहिजे. वाढला, किंवा रबर जळल्याचा वास आला, तर इंजिन बंद करा आणि काय कुठे टेकलंय ते शोधा.

मग एक छोटी फेरी. खड्ड्यांतून, गतिरोधकावरून, वळणावर. काच खाली ठेवा, रेडिओ बंद. दणका ऐकू आला तर कुठल्या वेळी आला ते लक्षात ठेवा: खड्ड्यात आला तर मोकळीक कमी आहे, रेस देताना आला तर पुढचा जोड किंवा इंजिनाचं माउंटिंग, वळताना आला तर मागचं रबर.

दोन-चारदा गाडी पूर्ण तापून पूर्ण थंड झाली की, साधारण पहिल्या १०० किलोमीटरच्या आत, सकाळी थंड असताना पुन्हा गाडी घोड्यांवर घ्या. नवी पॅकिंग दबलेली असतात. फ्लँजच्या आणि क्लॅम्पच्या प्रत्येक नटाला पाना लावून बघा, बहुतेक पाव फेरा जातो. स्प्रिंगवाल्यांना हात लावू नका.